मदत हवी आहे: राजहंसगडाच्या बुरुजाला पांढरी कड येतेय, एचडीआर कुठं चुकतंय?

रानगवा_बेळगाव:
कुणीतरी लवकर सांगा की ओ. बेळगावजवळच्या राजहंसगडावर सूर्यास्ताला कमी-मध्यम-जास्त उजेडाचे तीन-तीन फोटो काढून एचडीआर केलं, म्हणजे ते जोडून एक फोटो. बुरुजाच्या कडेनं आकाशात बोटभर पांढरी पट्टी उठते, मागं ट्यूबलाइट लावल्यासारखी. गवत पुसल्यासारखं दिसतंय आणि एका भगव्याचे तीन भगवे झालेत. सगळे स्लायडर हलवून झाले. रविवारी १२ बाय १८ची प्रिंट द्यायची आहे.

शहापूर_गल्ली:
कुठलं सॉफ्टवेअर? रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) की जेपीजी? शटर, अ‍ॅपर्चर, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता)? हे न सांगता विचारणं म्हणजे फोनवरून नाडी बघा म्हटल्यासारखं आहे.

रानगवा_बेळगाव:
रॉच. फोटोमॅटिक्स. ट्रायपॉड होता. कॅमेरा कॅनन २००डी. त्यानं काय फरक पडतो?

खानापूरचा_पाऊस:
एचडीआरच्या नादी लागूच नका. ०.९चा सॉफ्ट ग्रॅज्युएटेड एनडी फिल्टर लावा, वर गडद आणि खाली स्वच्छ असतो तो. आकाश तीन स्टॉप (एका स्टॉपला उजेड निम्मा) खाली येतं, एका क्लिकमध्ये काम. कॉम्प्युटरपुढं बसायला नको.

शहापूर_गल्ली:
पाऊसराव, तिथं क्षितिज सपाट नाही. बुरुज आणि ध्वजाचा खांब फिल्टरच्या गडद भागात जाणार, म्हणजे वरचा अर्धा बुरुज कोळसा. हिडकलच्या पाण्यावर तुमचा फिल्टर उत्तम. गडावर नाही.

खानापूरचा_पाऊस:
सॉफ्टमध्ये तेवढं कळत नाही.

शहापूर_गल्ली:
१२ बाय १८वर कळतं.

चोर्ला_घाट:
त्या गडावर ड्रोन उडवता येतो का? वरून पुतळा आणि तट एकाच फ्रेममध्ये घ्यायचाय.

निपाणी_लेन्स:
मूळ प्रश्नाकडं या. पांढऱ्या कडेचं कारण टोन मॅपिंग. सॉफ्टवेअर प्रत्येक ठिकाणी आजूबाजूचा सरासरी उजेड मोजतं आणि त्या मानानं ती जागा उजळवतं किंवा दाबतं. बुरुजाला लागून असलेल्या आकाशाच्या सरासरीत काळा दगडही येतो, म्हणून तेवढं आकाश जास्त उजळ होतं. दगडाच्या बाजूनं उलट, तिथं कड आणखी काळी पडते. फोटोमॅटिक्सच्या डिटेल्स एन्हान्सरमध्ये स्ट्रेंग्थ किती ठेवलंय? लायटिंग अ‍ॅडजस्टमेंट्स कुठं आहे?

रानगवा_बेळगाव:
स्ट्रेंग्थ १००. लायटिंग सररियलकडं, ढग भारी दिसतात म्हणून. मग जेपीजी करून लाइटरूम या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये क्लॅरिटी +६०, डीहेझ +४०.

शहापूर_गल्ली:
हे पहिल्यांदा सांगायचं होतं! क्लॅरिटीसुद्धा आसपासचा कॉन्ट्रास्टच वाढवते. आधीच कड आलेल्या फोटोवर तुम्ही दुसरा हात मारलाय.

निपाणी_लेन्स:
लाइटरूम आहे तर फोटोमॅटिक्सची गरजच नाही. तिन्ही रॉ निवडून कंट्रोल + एच दाबा, ते जोडून देतं. ऑटो अलाइन चालू, ऑटो सेटिंग्ज बंद. डीघोस्ट (हललेल्या वस्तू दोन-तीनदा दिसतात ते काढणारं) मीडियम करून ‘शो डीघोस्ट ओव्हरले’ला टिक करा. ध्वज आणि हललेलं गवत लाल दिसलं पाहिजे. ध्वज सुटला तरच हाय करा, कारण लाल भाग एकाच फ्रेममधून घेतला जातो आणि तिथं नॉइज (दाणे) वाढतो. तयार झालेल्या डीएनजीवर (जोडलेली रॉ फाइल) हायलाइट्स -६०, शॅडोज +४० इथून सुरुवात करा. क्लॅरिटी लागलीच तर ‘सिलेक्ट स्काय’ उलटा करून फक्त जमिनीवर, +१५च्या पुढं नको. आणि एक्झिफ (फाइलमधली शटर-आयएसओची नोंद) टाका हो.

रानगवा_बेळगाव:
एफ/१६, आयएसओ ४०० (ऑटोवर होता). शटर १/२५०, १/६०, १/१५.

शहापूर_गल्ली:
१/१५ला गडावरच्या वाऱ्यात गवत कसं थांबेल? एफ/१६च्या बारीक छिद्रानं उजेड पसरून (डिफ्रॅक्शन) बारीक डिटेल जातो ते वेगळंच. एफ/८ आणि आयएसओ १०० करा.

निपाणी_लेन्स:
आयएसओ १०० केलं तर शटर तिथंच राहतं. अ‍ॅपर्चरनं दोन स्टॉप दिले, आयएसओनं दोन काढून घेतले. गवत पुन्हा पुसणार. एफ/८वर आयएसओ ४००च ठेवा, मग १/१०००, १/२५०, १/६० मिळतं. सावलीचा भाग ओव्हर, म्हणजे सगळ्यांत उजळ, फ्रेममधून येतो, त्यामुळं नॉइजची भीती नाही.

शहापूर_गल्ली:
सावलीत नाही, पण डीघोस्ट झालेल्या गवतात येईल.

निपाणी_लेन्स:
येऊ दे. पुसलेल्या गवतापेक्षा दाणेदार गवत बरं. रानगवा, ड्राइव्ह मोड कंटिन्युअस ठेवा, नाहीतर तीनदा बटण दाबेपर्यंत ध्वज इकडचा तिकडं. किंवा २ सेकंदांचा टायमर लावा, ब्रॅकेटिंग (वेगवेगळ्या उजेडाचे तीन फोटो आपोआप घेणं) चालू असलं की तिन्ही एकापाठोपाठ येतात. ऑटो आयएसओ बंद, फोकस एकदा धरून मॅन्युअल, लेन्सचं स्टॅबिलायझर बंद. ट्रायपॉडचा मधला दांडा वर काढू नका.

जांबोटी_मध:
फुकटात करायचं तर ह्युगिन या पॅनोरामा सॉफ्टवेअरबरोबर येणारं एनफ्यूज बघा. ते एचडीआर फाइल बनवतच नाही. प्रत्येक फ्रेममधला नीट एक्स्पोज झालेला भाग वजन लावून जोडतं. पद्धत २००७ची आहे, आणि कडा फार कमी येतात. फक्त ध्वज तीनच राहतील, ते काम त्याचं नाही.

खानापूरचा_पाऊस:
फिल्टरमध्ये ध्वज एकच असतो.

चोर्ला_घाट:
ड्रोन?

शहापूर_गल्ली:
चोर्ला, सरकारच्या डिजिटल स्काय या ड्रोनच्या साइटवर नकाशात झोन बघा, सांबरा विमानतळ आहे. नवीन धागा काढा. यळ्ळूरकडून गाडी वरपर्यंत जाते, चांगला ट्रायपॉड न्या आणि जमिनीवरूनच काढा.

रानगवा_बेळगाव:
जुन्याच रॉवर केलं. कड गेली, भगवा एक झाला. गवत अजून मऊ आहे, ते परत जाऊन काढतो. पण आता सूर्याभोवती आकाशात पायऱ्या-पायऱ्या दिसतायत, कांद्याचे पापुद्रे सुटल्यासारख्या.

निपाणी_लेन्स:
कुठल्या फाइलमध्ये?

रानगवा_बेळगाव:
एक्स्पोर्ट केलेल्या जेपीजीमध्ये. तिच्यावरच पुन्हा थोडा कॉन्ट्रास्ट वाढवला.

निपाणी_लेन्स:
जेपीजी ८ बिटची असते, एका रंगाला २५६ पायऱ्या. त्या ताणल्या की दिसणारच. कॉन्ट्रास्ट डीएनजीवर करा, १६ बिट टिफ फाइल (तिच्यात पायऱ्या खूप जास्त) काढा, प्रिंटवाला घेत असेल तर तीच द्या. त्याला जेपीजीच लागत असेल तर शेवटी एकदाच काढा, क्वालिटी १००, आणि मग तिला हात लावू नका. सूर्याची चकती पांढरी राहिली तर राहू दे. तिथं हायलाइट ओढायला गेलात की राखाडी टिकली दिसते.

चोर्ला_घाट:
नकाशा बघितला. पुतळ्याचा चेहरा संध्याकाळी काळा येतो, त्याला फ्लॅश चालेल का?