शटर बंद धरून गोदामाचं डिझाइन करणं थांबवा

पत्राशेड_पुणे
माझ्याकडे तपासणीला येणाऱ्या गोदामांच्या रिपोर्टमध्ये एक ओळ ठरलेली असते: आतल्या दाबाचा गुणांक (वाऱ्याच्या दाबाच्या किती पट दाब शेडीच्या आत धरायचा) ±०.२. म्हणजे इमारत बंदिस्त धरली. ड्रॉइंग उघडावं, तर दर्शनी भिंतीत पाच बाय पाच मीटरचं रोलिंग शटर!

वाऱ्याच्या भाराचं भारतीय मानक आय.एस. ८७५ भाग ३ (२०१५), त्यात या गुणांकाच्या तीन पायऱ्या आहेत. उघडी जागा भिंतीच्या ५ टक्क्यांपर्यंत असेल तर ±०.२, ५ ते २० टक्के असेल तर ±०.५, त्याच्या वर ±०.७. आता १८ बाय ३० मीटरची, ६ मीटर उंच शेड घ्या. शटर २५ चौरस मीटरचं. चारही भिंती धरल्या तर ते ४.३ टक्के, म्हणजे ±०.२ मध्ये आरामात बसतं. फक्त ज्या १८ मीटरच्या भिंतीत शटर आहे ती धरली तर २३ टक्के, म्हणजे थेट ±०.७. बरेच जण पहिला हिशेब करतात, कारण तो स्वस्तात पडतो.

मानकात पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग ३९ मीटर प्रतिसेकंद. सगळे कमी करणारे गुणांक लावून डिझाइनचा दाब चौरस मीटरला साधारण ६५ किलो येतो. छपरावर बाहेरून या दाबाच्या ०.८ पट शोषण धरलं, तर आतला दाब मिळवून बंद शेडीत एकूण १.० आणि उघड्या शेडीत १.५. पूर्ण छपरावर हा फरक सतरा टनांच्या पुढे जातो. वारा आत शिरून पत्रा खालून ढकलतो, बाहेरचं शोषण तोच पत्रा वर ओढतं. पत्रा आणि पर्लिनचं (पत्र्याखालच्या आडव्या पट्ट्यांचं) स्वतःचं वजन चौरस मीटरला १०-१५ किलो, ते कुठे पुरणार?

माझं मत: वाऱ्याच्या भारासाठी डिझाइन केल्याचा कागद शटरवाल्याकडून आला नसेल, तर ते भोक समजायचं.

महाडचा_फॅब्रिकेटर
साहेब, मला हे पटत नाही. वादळ येतंय म्हटल्यावर शटर उघडं कोण ठेवतं? ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं, तेव्हा आधीपासून सूचना होत्या. आमच्या भागातली सगळी शटरं खाली होती. तरी पत्रे उडाले, आणि मी नंतर दुरुस्तीला गेलो तिथे कारण बहुतेक वेळा एकच होतं: पत्रा धरून ठेवणारे जे-बोल्ट गंजलेले, नाहीतर वळचणीला दोन स्क्रूंमधलं अंतर वाढवून वाचवलेला पैसा. ०.२ की ०.७ हा वाद तिथे आलाच नाही. तुम्ही स्टीलचं टनेज वाढवा म्हणता, गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जातं, आणि तो ०.२ वर तर करतोच, वर स्क्रूही खातो. आधी स्क्रू मोजा.

पत्राशेड_पुणे
स्क्रूंचं शंभर टक्के मान्य, दादा. पण तोच स्क्रू दीडपट भाराला मोजायचा की नाही, हे वर्गवारीवरूनच ठरतं ना? आणि वळवाचा पाऊस सूचना देऊन येत नाही. मे महिन्यात दुपारी चारला दारात ट्रक लागलेला असतो, हमाल पोती उतरवत असतात, आणि पाच मिनिटांत आभाळ फिरतं. ट्रक दारात असताना शटर कसं पाडणार?

नागपूरची_स्ट्रक्चरल
आमच्याकडे तर मूळ वेगच ४४. दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे पुण्याच्या सव्वापट. आणि बंद शटरचा भरवसा किती? पुण्याच्याच आकड्यांनी त्या २५ चौरस मीटरवर जवळपास दीड टन येतो. साध्या शटरची पट्टी गाईड चॅनलमध्ये (बाजूच्या उभ्या खाचेत) दोन-तीन बोटंच गेलेली असते. मधे पोट आलं की टोक खाचेतून सरकून बाहेर येतं, आणि एक सुटली की शेजारच्या सुटायला वेळ लागत नाही. टोकांना विंड लॉक (टोक खाचेत अडकवून धरणारी कडी) लावलेलं शटर मिळतं, पण खरेदीच्या यादीत तो शब्दच नसतो. १९९२ च्या अँड्र्यू वादळात फ्लोरिडात गॅरेजची दारं आधी गेली आणि मग घरांची छपरं, हे तिथल्या पाहण्यांत नोंदलेलं आहे.

टेक्सासचा_मराठी
इथल्या ए.एस.सी.ई. ७ या अमेरिकन मानकात टक्केवारीचा हा घोळ नाही. एका भिंतीतली उघडी जागा बाकीच्या सगळ्या आवरणातल्या उघड्या जागेशी ताडून बघतात. ती १.१ पटीहून जास्त असली (आणखी दोन अटी आहेत), तर इमारत अंशतः बंदिस्त आणि गुणांक ±०.१८ वरून ±०.५५. अर्थ असा, की हवा आत येते पण बाहेर जायला वाट नाही, तिथे धोका. म्हणून पुणेकरांचं अर्धंच पटतं: समोरासमोर दोन सारखी शटरं असतील तर सरसकट ०.७ धरणं जास्तच आहे. आणि इथेही बंद दार भोक धरत नाहीत, फक्त ते दार डिझाइनचा वारा सोसणारं लागतं.

पत्राशेड_पुणे
दोन्ही शटरं एकाच वेळी उघडी राहतील याची हमी कोण देणार? एक उघडं, एक बंद, हीच नेहमीची स्थिती. मी तीच तपासणार.

लीड्सवरून
युरोकोड या युरोपच्या मानकाचा मार्ग बघा. वादळात बंद असेल असं धरलेलं मोठं दार चुकून उघडं राहिलं, तर ती अपघाती स्थिती म्हणून वेगळी तपासायची. इथे इंग्लंडमध्ये आम्ही तेव्हा वाऱ्याचा भारगुणक (सुरक्षेसाठी भार जितक्या पट धरायचा तो आकडा) १.० घेतो. वरचेच आकडे घाला. शटर बंद: नेहमीचा भारगुणक १.५ गुणिले १.० म्हणजे १.५. शटर उघडं: अपघाती भारगुणक १.० गुणिले १.५ म्हणजे पुन्हा १.५. उचलीसाठी छपराचं स्टील वाढलंच नाही! स्टीलच्या बांधकामाचं भारतीय मानक आय.एस. ८००, त्याच्या भारगुणकांच्या तक्त्यात अपघाती भाराची ओळ आहेच.

महाडचा_फॅब्रिकेटर
हे गिऱ्हाइकाला सांगता येईल. विंड लॉकचे पैसे शटरच्या कोटेशनमध्ये वेगळे दाखवतो.

पत्राशेड_पुणे
मला एवढ्यावर सही करता येणार नाही. अपघाती ओळ चुकून उघड्या राहिलेल्या दारासाठी. पोती उतरवताना रोज उघडं असणारं दार अपघात कसा? जिथे दिवसभर लोडिंग चालतं तिथे मी उघड्या शटरसाठीही १.५ भारगुणकच मागणार. रात्री कुलूप लागणारं, महिन्यातून एकदा उघडणारं गोदाम असेल आणि विंड लॉकचा कागद सोबत असेल, तर लीड्सवाल्यांचा हिशेब घेईन. शेड कशी वापरणार, हे मालकाकडून लेखी घेऊन रिपोर्टच्या पहिल्या पानावर लिहा.