ठराव, कायदा आणि उइगुर

चीनच्या शिनजियांग प्रांतातील उइगुर मुस्लिमांविषयीचे परदेशी संसदांतील ठराव म्हणजे शब्दांचे बुडबुडे आहेत, हे मत मला अर्धेच पटते. कॅनडाच्या हाउस ऑफ कॉमन्सने 22 फेब्रुवारी 2021 रोजी चीनकडून उइगुरांवर होणाऱ्या अत्याचारांना वंशसंहार म्हणणारा ठराव 266 विरुद्ध 0 मतांनी संमत केला खरा, परंतु तत्कालीन पंतप्रधान ट्रुडो आणि त्यांचे बहुतेक मंत्री मतदानापासून दूर राहिले आणि ठराव सरकारवर बंधनकारकही नव्हता. अमेरिकी काँग्रेसने मात्र डिसेंबर 2021 मध्ये कायदाच केला. त्यामुळे जून 2022 पासून शिनजियांगमधील माल सक्तीच्या मजुरीतून बनलेला नाही, हे सिद्ध करण्याचा भार आयातदारावर आला. रेसिड्यू (कीटकनाशकांचे उरलेले अंश) तपासणीच्या अहवालाशिवाय द्राक्षांचा कंटेनर युरोपला जात नाही, हे जाणणाऱ्या आम्हा नाशिककरांना अशा अटीचे वजन वेगळे सांगायला नको.

आपल्या भूमिकेबद्दल बोलायचे, तर ऑक्टोबर 2022 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेत शिनजियांगवर नुसती चर्चा घेण्याचा प्रस्तावही 17 विरुद्ध 19 मतांनी फेटाळला गेला, तेव्हा भारत तटस्थ होता. याच परिषदेत 2012 मध्ये श्रीलंकेविरुद्धच्या ठरावाला भारताने पाठिंबा दिला होता, कारण तमिळनाडूच्या खासदारांनी संसदेत तो विषय लावून धरला होता. उइगुरांसाठी तसा आग्रह धरणारा पक्ष आपल्याकडे मला दिसत नाही.