‘ट्रिनिटी क्रॉस’चे नाव बदलले, ते योग्य झाले का?

नेमस्त (धागालेखक)

२०२५ च्या जुलैमध्ये भारताच्या पंतप्रधानांना पोर्ट ऑफ स्पेन येथे ‘ऑर्डर ऑफ द रिपब्लिक ऑफ त्रिनिदाद अँड टोबॅगो’ हा त्या देशाचा सर्वोच्च सन्मान देण्यात आला, तेव्हा आपल्याकडच्या अनेक वाचकांनी हे नाव पहिल्यांदा ऐकले असेल. त्या दौऱ्याची चर्चा भरपूर झाली आहे. ती कृपया येथे नको. मला बोलायचे आहे ते या सन्मानाच्या नावाविषयी, कारण हे नाव २००८ पासूनचेच आहे. त्यापूर्वी जवळपास चार दशके तेथील सर्वोच्च सन्मान ‘ट्रिनिटी क्रॉस’ म्हणून ओळखला जात होता. क्रिकेटपटू लिअरी कॉन्स्टंटाइन यांना तो मरणोत्तर मिळाला, मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये शंभर मीटर धावण्याचे सुवर्णपदक जिंकणाऱ्या हेझली क्रॉफर्डला मिळाला, १९७७ मध्ये विश्वसुंदरी ठरलेल्या जॅनेल कॉमिसिओंग यांना मिळाला, व्ही. एस. नायपॉल यांना मिळाला आणि १९९४ मध्ये ब्रायन लाराला मिळाला.

देश स्वतंत्र झाला १९६२ मध्ये. १९६९ साली राणी एलिझाबेथ यांच्या सनदेने हे सन्मान सुरू झाले. त्यांतल्या खालच्या श्रेणींची नावे अगदी मातीतली होती: चाकोनिया हे तेथील राष्ट्रीय फूल आणि हमिंगबर्ड हा तेथील लाडका पक्षी. या दोन पदकांबद्दल कधी कोणाची तक्रार झाली नाही. सर्वात वरच्या पायरीवर मात्र ख्रिस्ती धर्मातील त्रैक्य (‘ट्रिनिटी’, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या तीन रूपांतला एक ईश्वर) आणि क्रूस एकत्र येऊन बसले, आणि तेही अशा देशात, जेथे २०११ च्या जनगणनेनुसार हिंदू सुमारे १८ टक्के आणि मुस्लिम ५ टक्के आहेत. ईश्वर एकच आहे ही ज्याची श्रद्धा आहे, त्या मुसलमानाने त्रैक्याचे नाव असलेले चिन्ह छातीवर लावायचे, हे मागणे साधे नाही. डॉ. वाहिद अली हे तेथील सिनेटचे अध्यक्ष होते; त्यांनी हा सन्मान नाकारला. १९९५ मध्ये सनातन धर्म महासभा या तेथील हिंदू संघटनेचे धर्माचार्य पंडित कृष्ण महाराज यांनीही तो नाकारला. १९९७ मध्ये सरकारने मुख्य न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, समितीने नाव बदलण्याची शिफारस केली आणि ती शिफारस कागदावरच राहिली. अखेर महासभा, तिचे सरचिटणीस सतनारायण महाराज आणि एक इस्लामी संस्था न्यायालयात गेल्या.

माझे मत स्पष्ट आहे. राष्ट्राचा सर्वोच्च सन्मान असा हवा की तो स्वीकारताना कोणत्याही नागरिकाला आपल्या श्रद्धेशी आधी वाद घालावा लागू नये. त्यामुळे नाव बदलले हे योग्यच झाले. उशीर झाला एवढेच.

पॅव्हिलियन एंड

नेमस्त यांची मांडणी नीटस आहे, पण ती मला पटत नाही. ज्या बेटाचे नावच त्रैक्यावरून पडले आहे, तेथील सन्मानाच्या नावात त्रैक्य आले म्हणून एवढा गहजब कशासाठी? कोलंबसने १४९८ मध्ये ते बेट पाहिले आणि ते नाव ठेवले. पाचशे वर्षांनंतर ते नाव धर्माचे राहिलेले नाही, ते भूगोलाचे झाले आहे. तेथला हिंदू स्वतःला अभिमानाने त्रिनिदादी म्हणवतो, पारपत्रावर तेच नाव मिरवतो, क्रिकेटच्या सामन्यात त्याच नावाने ओरडतो. त्याची श्रद्धा त्याने कधी बाटलेली नाही. १९७१ मध्ये वाडेकरांच्या संघाने ज्या क्वीन्स पार्क ओव्हलवर वेस्ट इंडीजला पहिल्यांदा कसोटीत हरवले, त्या मैदानाच्या नावात आजही राणी आहे. देश १९७६ पासून प्रजासत्ताक आहे. कोणाला काही बोचल्याचे ऐकिवात नाही.

शिवाय ज्यांनी तो सन्मान घेतला त्यांची नावे पाहा. नायपॉल हे हिंदू घरातले. राष्ट्राध्यक्ष नूर हसनअली हे मुस्लिम, आणि त्यांच्या नावापुढेही ‘टी. सी.’ (ट्रिनिटी क्रॉस) ही अक्षरे होतीच. यांना आपला धर्म कळत नव्हता असे कोणी म्हणणार आहे काय? एखाद्या नावाला प्रतिष्ठा येते ती ते कोणाकोणाला मिळाले यावरून, आणि ती यायला पिढ्या जातात. कॉन्स्टंटाइन ते लारा ही परंपरा एका नावाला जोडलेली होती. तिच्या जागी जे आले ते सरकारी परिपत्रकाच्या मथळ्यासारखे आहे. उद्या आपल्याकडे कोणी म्हणाले की ‘पद्म’ पुरस्कारांतले कमळ हे लक्ष्मीचे आसन आहे, म्हणून ते नाव काढा, तर आपण काय उत्तर देणार?

उलटतपासणी

पॅव्हिलियन एंड, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर धाग्याच्या पहिल्याच प्रतिसादात आहे. कमळाची जागा चाकोनियाची आहे, क्रूसाची नाही. ते राष्ट्रीय फूल आहे, अनेक धर्मांच्या कलेत ते येते, आणि ते छातीवर लावल्याने कोणत्याही श्रद्धेतील मूळ सिद्धान्ताला बाधा येत नाही. तुलना करायचीच असेल तर आपल्या सर्वोच्च सन्मानाला एखाद्या देवतेचे नाव आणि तिचे आयुध दिले असते तर, अशी करावी.

गावाचे नाव आणि सन्मानाचे नाव यांत कायद्याच्या दृष्टीने फरक आहे. गावाचे नाव आपल्याला वारशाने मिळते. तेथे राहण्यासाठी कोणाला काही स्वीकारावे लागत नाही. सन्मान मात्र राज्यसंस्था एका विशिष्ट व्यक्तीला पुढे बोलावून देते, आणि तो घेण्याची किंवा नाकारण्याची कृती त्या व्यक्तीला जाहीरपणे करावी लागते. श्रद्धेमुळे एखाद्याला तो नाकारावा लागत असेल, तर त्या नागरिकासाठी सर्वोच्च पायरी बंदच आहे, आणि वर जगाला तो आडमुठा वाटतो. नायपॉल आणि हसनअली यांनी सन्मान घेतला, हे त्यांच्या सदसद्विवेकाचे उत्तर झाले. पंडित कृष्ण महाराजांचे उत्तर त्यांना देता येत नाही.

निकालाचा तपशील येथे द्यायला हवा, कारण तो आपल्याकडे फारसा आलेला नाही. २००६ मध्ये तेथील उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती पीटर जमादार यांनी हे नाव भेदभाव करणारे आहे असा निष्कर्ष काढला. मात्र राज्यघटनेत जुन्या कायद्यांना संरक्षण देणारे कलम आहे, १९६९ ची सनद त्या कलमाखाली येते असे त्यांना वाटले, आणि त्यामुळे ती रद्द करण्याच्या बाबतीत त्यांचे हात बांधलेले राहिले. पुढे २००९ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे त्रिनिदादच्या अंतिम अपील न्यायालयाने, ही अडचण मानली नाही आणि ‘ट्रिनिटी क्रॉस’ची निर्मितीच समतेच्या, समान वागणुकीच्या आणि धर्मस्वातंत्र्याच्या हक्कांचा भंग करणारी होती असे जाहीर केले. त्याच वेळी हा निर्णय केवळ भविष्यासाठी लागू केला, म्हणजे आधी दिलेले सन्मान तसेच राहिले. लाराचा ‘ट्रिनिटी क्रॉस’ आजही ‘ट्रिनिटी क्रॉस’च आहे. तेव्हा परंपरा पुसली गेली हा आक्षेप टिकत नाही.

एक गोष्ट मात्र मला राहून राहून खटकते. राणीच्या सनदेने दिलेले नाव घटनाबाह्य होते, हे शेवटी सांगितले ते लंडनमध्ये बसलेल्या राणीच्याच मंडळाने. कॅरिबियन देशांचे स्वतःचे अपील न्यायालय २००५ पासून आहे, त्याचे मुख्यालयही पोर्ट ऑफ स्पेनमध्येच आहे, पण त्रिनिदादने आपली अंतिम अपिले अजून तेथे नेलेली नाहीत.

सागरिका

दोन्ही बाजू वाचल्या. नावावर एवढी शाई खर्च होते आणि सन्मान कोण ठरवतो, कोणाला देतो, हा प्रश्न मागेच राहतो.

तेथील पद्धत अशी आहे की मुख्य न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखालील समिती नावे सुचवते, ती पंतप्रधानांकडे जातात आणि राष्ट्राध्यक्ष सन्मान प्रदान करतात. वरकरणी ही व्यवस्था चांगली आहे, पण कळीची जागा पंतप्रधानांच्या टेबलावर आहे. आता दोन माणसे शेजारी ठेवून पाहा. लाराने १९९४ च्या एप्रिलमध्ये अँटिग्वाला ३७५ धावा केल्या, जूनमध्ये वॉरिकशायरकडून नाबाद ५०१ केल्या आणि त्याच वर्षी, पंचविशीत, त्याला देशाचा सर्वोच्च सन्मान मिळाला. स्लिंगर फ्रान्सिस्को, म्हणजे ‘माइटी स्पॅरो’, १९५६ मध्ये पहिल्यांदा कॅलिप्सोचा, म्हणजे तेथील चिमटे काढणाऱ्या लोकगीतांचा, राजा ठरला. पुढची कित्येक दशके त्या देशाचे राजकारण, प्रेमप्रकरणे, महागाई आणि निवडणुका या सगळ्यांचा हिशेब त्याने गाण्यांतून मांडला. त्याला १९९३ मध्ये सुवर्ण चाकोनिया मिळाले, म्हणजे दुसरी पायरी. सर्वोच्च सन्मान मिळायला २०१४ उजाडले, तेव्हा तो सत्तरीच्या शेवटाला आला होता. लाराबद्दल माझी तक्रार नाही. पण मैदानावरचा विक्रम आकड्यात मोजता येतो, तो कोणत्याही पंतप्रधानाला अडचणीत आणत नाही, आणि कॅलिप्सो गाणारा माणूस नेमका तेच करत असतो. ही तफावत नाव बदलून कशी भरून येणार?

उलट उदाहरणही सांगते, नाहीतर माझ्यावर एकतर्फीपणाचा ठपका येईल. २०२४ मध्ये कीथ रोली यांचे सरकार असताना तेव्हाच्या विरोधी पक्षनेत्या कमला प्रसाद-बिसेसर यांना हा सन्मान देण्यात आला. आपल्याकडे अशी उदाहरणे बोटांवर मोजावी लागतील. तरीही त्या माजी पंतप्रधान होत्या, सत्तेच्या वर्तुळातल्याच. त्या वर्तुळाबाहेरून टीका करणाऱ्याला हे दार किती लवकर उघडते, याकडे माझे लक्ष आहे.

पॅव्हिलियन एंड

उलटतपासणी यांचा वारसा आणि कृती यांतला भेद मी समजू शकतो, पण त्यातून सगळे सुटत नाही. न्यायालयात गेलेल्या संघटना म्हणजे सगळे हिंदू किंवा सगळे मुसलमान नव्हेत. चाळीस वर्षांत नकार देणारे मोजके आणि स्वीकारणारे अनेक, हे वास्तव आहे. संख्येने हक्क ठरत नाहीत हे मान्य. पण एखादे चिन्ह जिव्हारी लागते की नाही, हे ठरवताना समाजाचा प्रत्यक्ष व्यवहार पाहायचा नाही, असे कसे चालेल?

सागरिका यांच्या स्पॅरोवरील मुद्द्याशी मी पूर्ण सहमत आहे. नाव बदलण्यात गेलेली शक्ती निवडीची पद्धत बदलण्यात लावली असती, तर त्या देशाचे अधिक भले झाले असते.

नेमस्त

समाजाचा प्रत्यक्ष व्यवहार पाहायचाच असेल तर जरा मागून पाहू. पहिले गिरमिटिये, म्हणजे करारावर नेलेले भारतीय मजूर, ‘फतेह अल रझाक’ जहाजातून १८४५ च्या ३० मे रोजी तेथे उतरले. हिंदू पद्धतीने लागलेल्या लग्नाला कायद्याची मान्यता मिळाली ती १९४५ मध्ये, म्हणजे बरोबर शंभर वर्षांनी. मुस्लिम विवाहांना त्याआधी, १९३६ मध्ये. मधल्या काळात सरकारच्या दृष्टीने अशा लग्नांतली मुले अनौरस होती आणि वारसाहक्काचे प्रश्न त्यावरून अडत होते. शिकायचे तर कॅनेडियन प्रेस्बिटेरियन मिशनच्या शाळेत जायचे, आणि शिक्षकाची नोकरी हवी असेल तर बहुधा धर्मांतर करायचे. महासभेने स्वतःच्या शाळा उभारल्या त्या १९५२ नंतर, भदासे सागन महाराज यांच्या पुढाकाराने, आणि गोठ्यासारख्या शाळा म्हणून त्यांची हेटाळणी झाली. अशा समाजात सरकारी मानसन्मान मुकाट्याने स्वीकारण्याची सवय लागलेली असते. तेव्हा स्वीकारणारे अनेक होते, यावरून कोणाला काही लागत नव्हते, असा अर्थ मी काढणार नाही.

निवडीची पद्धत की नाव, यांतले एकच करता येते असेही नाही. नावासाठी लागली ती एक समिती, एक खटला आणि मंत्रिमंडळाचा एक निर्णय. २००६ च्या निकालानंतर पॅट्रिक मॅनिंग यांच्या सरकारने प्रिव्ही कौन्सिलची वाट न पाहता २००८ मध्ये नाव बदलूनही टाकले. निवडीची पद्धत त्या दहा-बारा वर्षांत कोणी सुधारत होते आणि या खटल्यामुळे ते अडले, असे कोठे दिसत नाही.

सागरिका

नेमस्त, इतिहास मान्य, पण ज्या समाजाला शंभर वर्षे दाराबाहेर ठेवले त्याच्यासाठी दार उघडताना ‘प्रजासत्ताक’ हा कोरा शब्द निवडला, यात सरकारची सोयही होती. कोणाचेच नाव नको म्हणजे कोणाचा रोष नको. २०२४ मध्ये राजचिन्हावरील कोलंबसची तीन जहाजे काढून तेथे स्टीलपॅन हे वाद्य घेण्याचा निर्णय झाला, तो मला अधिक धीट वाटतो, कारण तेथे काय काढले आणि त्या जागी काय ठेवले, दोन्ही दिसते. स्टीलपॅन तेथील आफ्रिकी वस्त्यांत, तेलाच्या पिंपांतून जन्मले. त्यावर भारतीय वंशाच्या काही लोकांनी नापसंती दाखवली आणि त्याच्या बरोबरीने हार्मोनियमचा विचार व्हावा अशी मागणी यापूर्वी झालेली आहे. म्हणजे ज्यांना काल क्रूस परका वाटला त्यांतल्याच काहींना आज पॅन परके वाटते. हा वाद लंडनला नेऊन सुटणारा नाही, आणि त्यात ‘योग्य झाले’ असे एका वाक्यात म्हणण्याची माझी तयारी नाही.

उलटतपासणी

सागरिका, पॅन आणि क्रूस एका तागडीत घालू नका. पॅन आवडो न आवडो, ते वाजवल्याने कोणाचा धर्म मोडत नाही. हार्मोनियमची मागणी ही सांस्कृतिक वाटा मागणारी आहे आणि तिचा निवाडा संसदेत, वर्तमानपत्रांत आणि कार्निव्हलच्या मंचावर व्हावा. ‘ट्रिनिटी क्रॉस’चा प्रश्न न्यायालयाचा होता, कारण तेथे वाटा कमीजास्त मिळण्याची गोष्ट नव्हती, सन्मान घ्यायचा तर श्रद्धा बाजूला ठेवायची, अशी अट होती. ती अट काढल्यावर पुढचा सन्मान कोणत्या कॅलिप्सो गायकाला किती उशिरा मिळतो, यावर सरकारला जरूर धारेवर धरा. त्यात मी तुमच्या बाजूने आहे.