मदत हवी आहे: लेकीच्या वाट्याला 'परदेशी विमानं घ्या' ही बाजू आली आहे

नमस्कार मंडळी. आम्ही गोव्यात चिखलीला राहतो. दाबोळीची धावपट्टी इतकी जवळ, की सकाळी नौदलाची मिग-29के उडाली की वाक्य अर्ध्यावर सोडून थांबायचं, मग पुढे बोलायचं. त्यामुळे लढाऊ विमानांबद्दल आमच्या घरात प्रत्येकाला मत आहे. माहिती कुणाला किती आहे, ते या आठवड्यात कळलं.

लेक अकरावीत आहे. गुरुवारी वादविवाद स्पर्धा. विषय: 'हवाई दलाने यापुढे स्वदेशी लढाऊ विमानेच घ्यावीत.' चिठ्ठी उचलली तर 'विरोधात'. तिला आपलं स्वदेशी तेजस मनापासून आवडतं, म्हणून दोन दिवस तोंड पाडून बसली. त्यात धास्ती अशी की समोरचा 'आत्मनिर्भर' म्हणाला की टाळ्या पडणार, आणि ही फ्रान्सचं राफेल म्हणाली की लोक हिच्याकडे संशयाने बघणार. बोलायला सहा मिनिटं, शेवटी खंडनाला तीस सेकंद.

आतापर्यंत जमवलंय ते असं. हवाई दलाला मंजूर स्क्वाड्रन, म्हणजे लढाऊ विमानांच्या तुकड्या, 42. सप्टेंबर 2025 मध्ये चंदीगडला मिग-21 निवृत्त झाली आणि उरल्या 29. तेजसच्या मार्क-1ए या सुधारित आवृत्तीची 83 विमानं फेब्रुवारी 2021 मध्ये मागवली, पहिलं मार्च 2024 पर्यंत मिळायचं होतं, ती तारीख हुकली. मोठं कारण इंजिन. ते अमेरिकेहून येतं, आणि मागवलेल्या 99 इंजिनांपैकी पहिलं मार्च 2025 मध्ये आलं. नाशिकला बांधलेलं पहिलं मार्क-1ए ऑक्टोबर 2025 मध्ये उडालं, हे तिने वहीत लिहिलं आणि मग स्वतःच खोडलं, कारण ते समोरच्याच्या कामाचं.

पण 'बाहेरून घेतली की लगेच मिळतात' हेही खरं नाही ना! 126 विमानांची निविदा 2007 ची. राफेल निवडलं 2012 मध्ये. तो व्यवहार बारगळला, 2016 मध्ये 36 चा करार झाला, आणि पहिली पाच अंबाल्याला उतरली 29 जुलै 2020 ला. तेरा वर्षं. समोरच्याने एवढंच सांगितलं तरी आमची पंचाईत. (त्या 36 च्या करारावर संरक्षणमंत्री म्हणून पर्रीकरांची सही आहे. हॉल गोव्यातला, म्हणून हे वाक्य तिने मुद्दाम घातलंय. मला तो चावटपणा वाटतो, तिला तयारी वाटते.)

सासरे नौदलाच्या विमानांच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. परवा जेवण झाल्यावर त्यांनी ताटं उचलू दिली नाहीत. जहाजावरून विमान कसं उडतं आणि कसं थांबतं ते दाखवायला लाटण्यावर फूटपट्टी टेकवून स्की-जंप (पुढे वर वळलेली धावपट्टी) केला, दोन वाट्यांमध्ये दोरा ताणला आणि खोडरबरात हेअरपिन खोचून तो 'हुक' दोऱ्यात अडकवून दाखवला. पहिल्या दोन वेळा वाटीच आडवी झाली, आमटीचा ओघळ टेबलभर. "हेंच, वजन चड जालें की हेंच जाता," म्हणाले. मग सांगितलं की तेजसची नौदलाची आवृत्ती डिसेंबर 2014 मध्ये इथेच, दाबोळीच्या 'हंसा' या नौदल तळावरच्या स्की-जंपवरून उडाली आणि सप्टेंबर 2019 मध्ये इथेच तारेला हुक अडकवून थांबली. पुढे विक्रमादित्य या विमानवाहू जहाजावरही उतरली. तरी 2016 च्या शेवटीच नौदलाने सांगून टाकलं होतं की विमान जड पडतं, पुरेसं इंधन आणि शस्त्रं घेऊन डेकवरून उठणार नाही. 2022 मध्ये त्याच स्की-जंपवरून राफेल-एम (राफेलची नौदलाची आवृत्ती) आणि अमेरिकेचं सुपर हॉर्नेट उडवून पाहिली आणि एप्रिल 2025 मध्ये 26 राफेल-एमचा करार झाला.

लेक खूश, मुद्दा मिळाला. मला मात्र तो लंगडा वाटतो. जहाजावरच्या विमानाची अडचण हवाई दलाच्या माथी कशी मारायची? त्यांना दोन-तीन किलोमीटरची धावपट्टी असते.

आणि सासऱ्यांचा दुसरा मुद्दा तर आमच्याच विरोधात जातो. "हाडप सोंपें गो, सांबाळप कठीण." म्हणजे आणणं सोपं, सांभाळणं कठीण. परदेशी मिग-29केबद्दल 2016 च्या कॅगच्या अहवालात उड्डाणासाठी सज्ज असण्याचं प्रमाण सुमारे 16 ते 38 टक्के दिलंय. शंभरातली साठच्या वर जमिनीवर! हे समोरच्याच्या हाती लागलं तर काय म्हणायचं?

कृपया सांगा: हंसाचा मुद्दा ठेवू की काढू? आणि देखभालीच्या प्रश्नाला सरळ उत्तर आहे का?

भर, सोमवार रात्र

सगळ्यांचे आभार. दोघांनी 'एफ-35 की सुखोई-57' हे जुनं भांडण उकरून काढलंय, ते तुमचं चालू द्या. पण एकांनी एका ओळीत सोडवलं: "विषय पुन्हा वाचा. विरोध स्वदेशीला नाही, 'विमानेच' मधल्या 'च'ला करायचाय." तो 'च' आम्हा तिघांच्याही डोळ्यांखालून निसटला होता. लेकीने लगेच अख्खं भाषण फाडलं. आता ती तेजसची 83 आणि नंतरची 97 दोन्ही हवीतच म्हणून सुरुवात करते, मग विचारते की इंजिन अमेरिकेचं असताना 'स्वदेशीच' कसं म्हणता, आणि ही विमानं येईपर्यंत रिकाम्या स्क्वाड्रन कशाने भरायच्या. देखभालीचा मुद्दाही ती स्वतःच काढणार आहे: सुटे भाग आणि दुरुस्ती करारातच बांधून घ्या, मिगसारखं नको. हंसा काढलं. सासरे थोडे रुसलेत.

एक गाठ उरलीय. समोरचा भागाकार करणार हे नक्की. राफेल-एम 26, सुमारे 63,000 कोटी, म्हणजे एकाला 2,400 च्या वर. सप्टेंबर 2025 ची तेजस 97, सुमारे 62,370 कोटी, म्हणजे एकाला 640 च्या आसपास. मी बारावीला अकाउंट्स शिकवते, म्हणून हा भागाकार बघून माझ्या पोटात गोळा येतो. राफेलच्या आकड्यात शस्त्रं, प्रशिक्षण, सिम्युलेटर, देखभाल असं बरंच आहे, तेजसचा आकडा करांशिवायचा आहे, आणि एक विमान दोन इंजिनांचं, दुसरं एका. मी हे समजवायला घेतलं तर पाच मिनिटं लागतात आणि लेक जांभया देते. तीस सेकंदांत, हॉलमधल्या शेवटच्या रांगेलाही कळेल असं कसं सांगायचं? तिने सुचवलंय: "नुसता फ्लॅट आणि फर्निचरसकट फ्लॅट, भाव सारखा कसा असेल?" बरं आहे, पण दोन इंजिनांची गोष्ट त्यात बसत नाही. बुधवारी रात्रीपर्यंत काही सुचलं तर लिहा.