डायनॅमिक एमआरआय: रक्तातला कॉन्ट्रास्ट प्रत्येक रुग्णात मोजायचा की सरासरी आलेख लावायचा?

स्पंदन (धागाकर्ता):
डायनॅमिक एमआरआयमध्ये शिरेतून कॉन्ट्रास्ट (चित्र उजळवणारं, गॅडोलिनियम असलेलं द्रव्य) देऊन एकामागून एक चित्रं घेतात. कर्करोगाच्या गाठीत तो कॉन्ट्रास्ट किती वेगाने झिरपतो, ते के-ट्रान्स या आकड्यावरून कळतं. पण तो आकडा काढायला धमनीतल्या रक्तात क्षणोक्षणी किती गॅडोलिनियम होतं तेही लागतं. हाच आर्टेरियल इनपुट फंक्शन, म्हणजे एआयएफ. बरेच जण तो मोजतच नाहीत. पार्कर आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये २३ कर्करुग्णांच्या मोजमापांवरून दिलेला सरासरी आलेख सरसकट लावून मोकळे होतात. मला हे अजिबात पटत नाही. हृदय किती रक्त फेकतं, मूत्रपिंडं कॉन्ट्रास्ट किती लवकर बाहेर टाकतात, हे माणसागणिक वेगळं असतं. डॉक्सोरुबिसिनसारखं केमोचं औषध तर हृदयालाच धक्का देऊ शकतं. गाठ तशीच राहिली आणि हृदय बदललं, तर तो फरक आपण गाठीच्या नावावर मांडणार का?

फेजकोडर:
तत्त्व मान्य, मोजमापावर भरवसा नाही. पहिल्या फेरीत कॉन्ट्रास्ट इतका दाट असतो की सिग्नल त्याच्या प्रमाणात वाढत नाही. टी२-स्टारमुळे, म्हणजे दाट कॉन्ट्रास्टने सिग्नल लवकर विरत असल्यामुळे, तो उलट दबतो. चित्राच्या भागात नुकतं शिरलेलं रक्त कॉन्ट्रास्टच्या आधीच उजळ दिसतं, म्हणून पुढची वाढ कमी भासते. धमनी बारीक असेल तर पिक्सेलमध्ये शेजारची ऊतीही मिसळते. अख्खा आलेख निम्म्या उंचीचा आला, की के-ट्रान्स दुप्पट! सरासरी आलेखात निदान हा गोंधळ दर स्कॅनला नव्याने होत नाही.

स्पंदन:
यातलं बरंच टाळता येतं. मोठी धमनी निवडा, रक्त आत शिरतं त्या कडेपासून लांब मोजा, फ्लिप अँगलचा (रेडिओ-स्पंद चुंबकन किती अंशांनी कलवतो त्याचा) नकाशा घ्या. दाट कॉन्ट्रास्टसाठी सिग्नलच्या उंचीऐवजी फेज (सिग्नलच्या लहरीचा कोन) वापरता येते.

फिल्मवाचक:
प्रोस्टेटचा एमआरआय वाचताना मला के-ट्रान्स लागतच नाही. संशयित जागा शेजारच्या ऊतीच्या आधी किंवा तिच्यासोबतच उजळते का, एवढं पुरतं. पाय-रॅड्सलाही (प्रोस्टेट एमआरआय वाचण्याची नियमावली) दर १५ सेकंदांना एक चित्र एवढा वेग चालतो. एआयएफसाठी याहून बराच वेग हवा आणि तो चित्राची बारकाई कमी करून मिळतो. छोटी गाठ सुटली तर तुमचा आलेख काय कामाचा?

स्पंदन:
निदानापुरतं मान्य. मी बोलतोय ते औषधाचा परिणाम मोजण्याबद्दल.

लालपेशी:
हिमॅटोक्रिटचा, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींच्या वाट्याचा, विषय कुणीच काढला नाही! गॅडोलिनियम लाल पेशींत शिरत नाही, प्लाझ्मात, म्हणजे रक्ताच्या द्रव भागात, राहतं. म्हणून रक्तातल्या प्रमाणाला १ वजा हिमॅटोक्रिटने भागतात, आणि तिथे बहुतेकदा ०.४२ गृहीत धरतात. केमोनंतर ॲनिमिया झालेल्या रुग्णाचा तो ०.३० असेल, तर ०.७० ऐवजी ०.५८ ने भागलं जातं. प्लाझ्मातलं प्रमाण सुमारे २१ टक्के जास्त येतं, के-ट्रान्स सुमारे १७ टक्के कमी. रक्ताचा रिपोर्ट फाइलमध्ये असूनही ही चूक करायची?

फेजकोडर:
हिमॅटोक्रिटचं बिनशर्त मान्य. एआयएफबाबत मात्र माझी अट आहे. मध्ये कोणताही उपचार न देता त्याच रुग्णाचे दोन स्कॅन घ्या आणि के-ट्रान्स किती हलतो ते दाखवा. जास्त हलला, तर औषधाचा परिणाम त्यात बुडून जाईल.

स्पंदन:
जरूर तपासू. पण सरासरी आलेखात रुग्णाचं रक्त येतच नाही, त्यामुळे तिथे आकडा कमी हलणारच. उपचारानंतरचा खरा बदल कोणती पद्धत पकडते, हेही त्याच रुग्णांत बघावं लागेल. तोवर निदान मोठी धमनी चित्रात येईल असा स्कॅन आखा आणि कच्चा डेटा जपा. धमनी टिपलीच नसेल, तर ती नंतर मोजता येणार नाही.