पातं बदलायच्या आधी
ॲल्युमिनियम फॉइलच्या घड्या कापून रोटरी कटरला (कापड कापायच्या, गोल फिरत्या पात्याच्या कटरला) धार येते, असं म्हणतात. थोडाफार फरक पडतो खरा, पण त्याने कडेला चिकटलेला कचरा आणि बारीक कंगोरे निघतात, नवी धार काही लागत नाही. खाचा पडलेल्या पात्यावर तर फॉइल वायाच.

खाच आहे का, हे ओळखायची एक सोपी खूण आहे. ४५ मिमी व्यासाच्या पात्याचा परीघ साधारण १४ सेमी भरतो. कापडाची लांब पट्टी कापताना दर १४ सेमीवर दोन-चार धागे तसेच राहत असतील तर पात्याला खाच पडली आहे, ते बदला. (६० मिमीचं असेल तर हेच अंतर १९ सेमीच्या आसपास.) धागे मॅटवरच्या (कापडाखाली ठेवायच्या कटिंग मॅटवरच्या) ठरावीक जागीच राहत असतील तर दोष मॅटवर पडलेल्या चरीचा. अशा वेळी पातं बदलून पैसे फुकट जातात.

आणि पातं नुसतंच जड फिरत असेल तर आधी कटर उघडा. पातं आणि त्याच्या गार्डच्या मध्ये कापसाचा चक्क नमदा बसलेला असतो. तो पुसून शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, नट किंचित सैल, आणि मग ठरवा.