मुलगी बूट घालून दाराशी बसून राहते. अपॉइंटमेंट चौदा आठवड्यांनी. तोवर काय करू?

दोन_वेण्या

मोठं लिहिलंय, आधीच माफी.

मुलगी तेरा वर्षांची, आठवीत. अडीच महिन्यांपासून शाळा जवळजवळ सुटलीय. रविवारी संध्याकाळ झाली की तिचं बोलणं आटतं. सोमवारी उठते, आवरते, दप्तर भरते, बूट घालते आणि दाराशी बसते. डाव्या बुटाची नाडी सोडायची, बांधायची, परत सोडायची. मी घड्याळाकडे बघत उभी. मग पोटात कळ येते. नाटक नाही हो, हात गार पडलेले असतात, कपाळावर घाम असतो. अकरा वाजले, शाळेची वेळ टळली की दुखणं ओसरतं. आणि नेमकं तेच बघून घरातले म्हणतात, बघ, कशी बरी झाली.

बालरोगतज्ज्ञांनी रक्त, लघवी, थायरॉइड, सोनोग्राफी सगळं करून घेतलं. सगळं नॉर्मल. "आता मनाच्या डॉक्टरांना दाखवा" म्हणाले. कोणाला, ते काही सांगितलं नाही. मी सहा ठिकाणी फोन केले. एकीकडे अठराच्या खालचे घेत नाहीत. दुसरीकडे डॉक्टरांची चिठ्ठी हवी. तिसरीकडे फॉर्म भरून घेतला आणि चौदा आठवड्यांनंतरची तारीख दिली. चौथीकडे विचारलं, "सायकिअ‍ॅट्रिस्ट हवेत की सायकॉलॉजिस्ट?" ते मला माहीत असतं तर तुम्हाला कशाला विचारलं असतं! उरलेल्या दोघांनी फोन उचललाच नाही.

नवऱ्याचं म्हणणं, एकदा शिक्का बसला की पुसत नाही. ती स्वतः म्हणते, "मी वेडी नाहीये, मी येणार नाही."

तर आधी कोणाकडे जायचं? यायलाच तयार नसलेल्या मुलीला न्यायचं कसं? आणि हे चौदा आठवडे काढायचे कसे?

(परवा दिवा घालवताना म्हणाली, "मी नसते तर तुम्हाला एवढा त्रास झाला नसता." दमली होती, त्या भरात बोलली असेल.)


जुनी_सायकल

ताई, बाकीचं मागाहून. तुम्ही कंसात टाकलेलं वाक्य आधी.

आज रात्रीच तिला सरळ विचारा. आडवळणाने नको. "तुला मरून जावंसं वाटतं का? तसं काही करायचं मनात येतं का?" मलाही हे विचारताना घाम फुटला होता. वाटायचं, आपण विचारलं तर नसलेलं खूळ डोक्यात भरवू. तसं होत नाही, हे अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलंय. उलट, कोणीतरी विचारलं म्हणून पोरं मोकळी होतात. उत्तर "हो" आलं, किंवा तुम्हाला अंदाजच येईना, तर चौदा आठवडे विसरा. त्याच रात्री हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत न्या, आणि तोवर क्षणभरही एकटी सोडू नका. "नाही" आलं तरी घरातली सगळी औषधं कुलपात ठेवा, आणि उद्या क्लिनिकला फोन करून हे वाक्य तिच्याच शब्दांत सांगा. "शाळेत जात नाही" आणि "मी नसते तर बरं" यांना रांगेत एकच नंबर नसतो. पण तुम्ही सांगितलंच नाहीत तर त्यांना कळणार कसं?

आता आमचं. मुलगा आज एकोणीसचा आहे. तुमच्या लेकीचं पोट, तसं आमच्याकडे डोकं. आठ महिने आम्ही डोक्याच्याच मागे. चष्म्याचा नंबर दोनदा तपासला, एमआरआय झाला, उशी बदलली. (उशी खरंच बदलली, हसू नका.) शिक्क्याला घाबरणारा नवरा आमच्या घरात मीच होतो.

पहिल्या भेटीत मी वीस मिनिटं बोललो. लहानपणी कसा हुशार होता, नातेवाईक काय म्हणतात, मी किती दमलोय. डॉक्टरीणबाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "शाळेत शेवटचा पूर्ण दिवस कधी बसला?" मला सांगता येईना. झोपतो किती वाजता? "उशिरा." उशिरा म्हणजे? गप्प.

घरी येऊन एक वही केली. रोज एकच ओळ: झोपला कधी, उठला कधी, शाळेत किती तास, दुखणं किती वाजता सुरू, त्याच्या आधी काय घडलं. तीन आठवड्यांनी वही बघताना बायकोच्या लक्षात आलं की गुरुवारी डोकं दुखतच नाही. गुरुवारी पीटीचा तास नसायचा. कपडे बदलायच्या खोलीत काय चालायचं ते मग हळूहळू बाहेर आलं. एमआरआयमध्ये ते दिसणार नव्हतं. तुम्ही आजपासून लिहायला घ्या, पहिल्या भेटीत तोच कागद पुढे करा.

रांगेचं म्हणाल तर तारीख मिळाली म्हणून गप्प बसू नका. "कोणाची वेळ रद्द झाली तर कळवा, तासाभरात पोचतो" असं नोंदवून ठेवा आणि दर आठवड्याला एक फोन. चिडायचं नाही, फक्त विसरू द्यायचं नाही. आमचे अकरा आठवडे पाचावर आले. बालरोगतज्ज्ञांकडून चिठ्ठीही आत्ताच घेऊन ठेवा. आणि दुसऱ्या एका ठिकाणीही नाव लावा, एक तारीख नंतर सोडता येते.


हसरा_कासव

हे वयच असतं. मोबाईल काढून घ्या, दोन फटके द्या, आठवड्यात जाईल शाळेत.


फळा_आणि_खडू

कासवराव, "वयच असतं" हे खरंय, पण उलट्या अर्थाने. जागतिक आरोग्य संघटनाच सांगते की सुमारे एक तृतीयांश मानसिक आजार १४ व्या वर्षाच्या आत आणि निम्मे १८ व्या वर्षाच्या आत सुरू होतात, आणि १० ते १९ वयोगटात दर सातांत एकाला असा काही त्रास असतो. फटक्यांनी पोटदुखी लपते.

मी शाळेत समुपदेशक आहे. ताई, कोण काय करतं ते थोडक्यात. सायकिअ‍ॅट्रिस्ट म्हणजे मानसोपचारतज्ज्ञ. हे डॉक्टर असतात, निदान करतात, औषध देऊ शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट चाचण्या घेतात, थेरपी देतात. समुपदेशक बोलायला मदत करतो, शाळा आणि घर यांच्यात दुवा होतो आणि प्रकरण आपल्या आवाक्याबाहेरचं असेल तर पुढे पाठवतो, निदान पाठवायला हवं. योग्य दार कोणतं यावर महिना घालवू नका. जे आधी उघडेल त्यातून आत जा. फक्त एक विचारा: "तुम्ही या वयाची मुलं नेहमी बघता का?"

तुम्ही वर्णन केलंय ते चिंतेसारखं वाटतं, पण इथे बसून निदान करणं हा आगाऊपणा होईल. चिंताच निघाली तर उपचारांबद्दल बरंच ठाऊक आहे. २००८ मध्ये ७ ते १७ वयाच्या ४८८ मुलांवरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. बारा आठवड्यांनी, सीबीटी (विचार आणि वागणं हळूहळू बदलायला शिकवणारी थेरपी) आणि सर्ट्रालीन (नैराश्यावरचं, चिंतेवरही देतात ते औषध) दोन्ही मिळालेल्यांपैकी सुमारे ८१ टक्के मुलं चांगलीच सुधारली होती. नुसत्या सीबीटीने ६०, नुसत्या औषधाने ५५, खोट्या गोळीने २४. म्हणजे औषधाला घाबरून पळायचं कारण नाही, आणि गोळी दिली की काम झालं असंही नाही. औषध सुरू झालंच तर पहिले काही आठवडे डॉक्टर लवकर लवकर बोलावतील, तेव्हा टाळू नका. नैराश्यावरच्या या औषधांनी सुरुवातीला काही मुलांच्या मनात आत्महत्येचे विचार वाढू शकतात, म्हणून २००४ पासून अमेरिकेत त्यांच्या माहितीपत्रकात ठळक इशारा असतो. आणि ती आपल्या मनाने एकदम बंद करायची नाहीत.

आता "मी येणार नाही" चं. मग तुम्ही दोघं जा! गंमत नाही. येल विद्यापीठात एली लेबोविट्झ यांनी 'स्पेस' नावाची पद्धत बसवलीय, तिच्यात थेरपिस्टकडे फक्त आईवडील जातात. २०२० मध्ये छापून आलेल्या त्यांच्या अभ्यासात १२४ मुलं होती, आणि पालकांच्या बारा भेटींचा गुण मुलांना थेट सीबीटी दिल्याइतकाच आला. मुलाची भीती टळावी म्हणून आपण घरात काय काय करतो, ते एकेक करून कमी करणं हा तिचा गाभा. तुम्ही रोज अकरापर्यंत दाराशी थांबता ना, तिथूनच सुरुवात होईल.

शाळेला लेखी कळवा आणि अर्ध्या दिवसाची परवानगी मागा. पूर्ण सुट्टी जितकी लांबते तितका उंबरठा उंच होत जातो. पहिला आठवडा फाटकापर्यंत जाऊन परत, मग तिच्या आवडीचा एकच तास. पण त्याआधी शाळेत तिला कोणी त्रास देत नाही ना, याचा छडा लावा. तसं असेल तर आधी तो बंद व्हायला हवा, नुसतं तिला धीट करून भागणार नाही.


मागचा_बाक

मी वीस वर्षांची आहे. तेराव्या वर्षी मीच ती दाराशी बसलेली मुलगी होते, म्हणून लिहितेय.

मला गाडीत बसवताना "डोळे तपासायला जातोय" असं सांगितलं होतं. पाटी वाचली तेव्हा कळलं. त्यानंतर दोन वर्षं मी आईच्या "चल जरा" ला घाबरायचे. काकू, खरं काय ते सांगा. "पोट खरंच दुखतं, हे मला माहितेय. ते का दुखतं हे शोधणाऱ्या बाई आहेत. एकदा भेटू, नाही आवडल्या तर दुसऱ्या बघू." वेडी वगैरे शब्द तिने काढला तरी त्यावर वाद घालू नका.

आणि आत गेल्यावर तिला बोलू द्या. मला डॉक्टरांनी विचारलं, "झोप लागते का?" उत्तर आईने दिलं. "मैत्रिणी आहेत?" तेही आईनेच. तिसऱ्या भेटीत त्यांनी आईला बाहेर बसवलं. मला आधी सांगितलं की इथलं बोलणं इथेच राहील, फक्त माझ्या जिवाला धोका असेल किंवा मला कोणी इजा करत असेल तर मोठ्यांना सांगावं लागेल. मग मी पाच मिनिटं पंख्याकडे बघत होते. त्यांनीही काही विचारलं नाही. सहाव्या मिनिटाला बोलले.

घरी येताना आईने "काय विचारलं?" असं विचारलं नाही. त्यासाठी तिला किती जड गेलं असेल ते आता कळतं.


दोन_वेण्या

तीन आठवड्यांनी येतेय. सगळ्यांचे आभार, वैयक्तिक निरोप पाठवणाऱ्यांचेही.

जुनी_सायकल दादा, त्याच रात्री विचारलं. आवाज फाटला माझा. ती म्हणाली, "मरायचं नाहीये. पण सकाळ होऊच नये असं वाटतं." आणि मग खूप रडली, मीही. औषधांचा डबा कपाटात, किल्ली माझ्याकडे. सकाळी फोन करून तिचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. पलीकडच्या बाई म्हणाल्या, "हे फॉर्ममध्ये लिहिलं नव्हतंत." खरंच नव्हतं. तारीख चौदा आठवड्यांवरून चारवर आली.

मधल्या काळात एका सायकॉलॉजिस्टकडे आम्ही दोघं जाऊन आलो. ती घरीच होती. हे अख्खा तास हाताची घडी घालून बसले होते. येताना लिफ्टमध्ये म्हणाले, "मलापण पाचवीत व्हायचं असं. कोणाला सांगितलं नाही." लग्नाला सोळा वर्षं झाली, मला माहीत नव्हतं!

वहीत अजून गुरुवारसारखं काही सापडलेलं नाही. पण चित्रकलेच्या दिवशी पोट कमी दुखतं एवढं दिसतंय, म्हणून शाळेकडून तेवढ्याच तासाची परवानगी घेतली. मंगळवारी फाटकातून परत आलो. आज नाडी दोनदा सोडली, पोट दुखलं, आणि ती गेली. एक तास बसून परत आली आणि झोपून गेली. उद्याचं काही सांगता येत नाही.

पुढच्या गुरुवारी तारीख आहे. मी बाहेर बसेन असं तिला सांगून ठेवलंय. मागचा_बाक, पहिल्या भेटीला साधारण किती वेळ लागतो गं? आणि वही मी आधी डॉक्टरांच्या हातात देऊ, की तिला विचारून?


मागचा_बाक

तिला विचारून. आधी तिलाच वाचायला द्या, चुकीचं वाटेल ते ती खोडेल. माझ्या वेळी तासभर लागला होता. बाहेरच्या खुर्च्या कडक असतात, काहीतरी वाचायला न्या.